शंकररावांचा घास

प्रतिमा मेश्राम एकतिसाव्या वर्षी पोहायला शिकत होती, आणि भंडाऱ्याला तिच्या माहेरी याचा कोणाला पत्ता नव्हता. जिल्हा तलावांचा, पण तलावात उड्या मारायच्या त्या भावांनी आणि काठावर बसून त्यांचे कपडे राखायचे ते प्रतिमानं, अशी वाटणी तिकडे केव्हाच झालेली. पुढे मनोहरला कंपनीनं अमेरिकेत धाडलं, श्रूजबरीच्या एका अपार्टमेंटात बिऱ्हाड मांडून झालं, आणि सत्त्याण्णवच्या जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, ही बाई गावातल्या बंदिस्त तलावाच्या कोमट पाण्यात काठाला दोन्ही हातांनी घट्ट धरून पाय मारू लागली. पोहण्याचा पोशाख तिनं असा काही शोधून आणला होता की मनोहर म्हणाला, "हे घालून पोहायला चालली का चंद्रावर?"

मंगळवारची ही सकाळ तिला मोकळी मिळे ती वरच्या मजल्यावरच्या डेबीमुळे. मंगळवारी प्रतिमाची चार वर्षांची लेक मैत्री डेबीकडे, आणि गुरुवारी डेबीचा तेवढाच मुलगा काइल प्रतिमाकडे. डेबी गुरुवारी दाताच्या दवाखान्यात कामाला जायची. दोघींचं छान जमलं होतं.

काइल तसं गुणी पोर. सांगितलं तिथे बसे, हात धू म्हटलं की धुई. फक्त जेवत नसे. डेबीनं दिलेल्या डब्यातला कडा कापलेला ब्रेड जसा यायचा तसा परत जायचा. डेबी म्हणे, "नाही खाल्लं तर राहू दे. भूक लागली की खाईल." आता समोर पोर उपाशी बसलंय आणि आपण निवांत भांडी घासतोय, हे भंडाऱ्याच्या बाईला जमणार कसं? तिनं डेबीला विचारलं, आमचा डाळभात दिला तर चालेल का. डेबी हसली. "त्यानं खाल्ला तर खुशाल दे. मला फोटो काढून ठेव."

त्या गुरुवारी प्रतिमानं वरणभात कालवला, वर तुपाची धार सोडली, आणि मैत्रीला रोज भरवायची त्याच पद्धतीनं कामाला लागली. पद्धत अशी, की पोर सोफ्याभोवती पळणार, आई ताटली घेऊन मागे पळणार, आणि प्रत्येक घास कोणाच्या तरी नावाचा. पहिला मान अर्थातच प्रतिमाच्या वडिलांचा.

"हा शंकरराव आजोबांचा!" मैत्रीनं तोंड उघडलं. काइल बघतच राहिला. त्याला कळावं म्हणून प्रतिमानं इंग्रजीतही सांगितलं, "धिस वन, शंकरराव ईट्स!"

काइलनं मान वळवून दाराकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं. शंकरराव कुठे दिसेनात. पण घास तर तयार होता. त्यानं आ केला.

दुसरा शैलजा मावशीचा, तिसरा जगन्नाथ आजोबांचा. मेश्रामांकडचं आणि माहेरचं सगळं गणगोत त्या पोराच्या पोटात गेलं, आणि ताटली लख्ख झाली. प्रतिमा इतकी खूश झाली की फोटो काढायचा राहूनच गेला.

असे चार-पाच गुरुवार गेले. मग एकदा काइलला न्यायला आलेली डेबी दारातच रेंगाळली. "तुमच्याकडे कोणी पाहुणे आलेत का गं?"

"छे! एवढ्या थंडीत कोण मरायला येतंय?"

"कोणीच नाही? गुरुवारी, दुपारी?"

"मी आणि ही दोन माकडं. बस."

डेबी "ओके" म्हणाली, पण ओके म्हणताना माणूस हसतं, तशी हसली नाही. शनिवारी प्रतिमा बाजारातून आली तर फोनच्या यंत्रावर निरोप: "प्रतिमा, या मंगळवारी मैत्रीला ठेवायला नाही जमणार. पुढचंही जरा बघू या."

प्रतिमा खुर्चीतच बसली. नेमक्या याच मंगळवारी काठ सोडायचा होता. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी गेल्या खेपेला शिट्टी वाजवून बजावलं होतं, "पुढच्या वेळी भिंत नाही, काही नाही. तू आणि पाणी." आठवडाभर प्रतिमा न जाण्याचे बहाणे शोधत होती, आणि आता जायलाच मिळणार नाही म्हटल्यावर डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मनोहर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून वर आला. हसून हसून त्याला बूट काढता येईनात.

"अगं, तुझ्या बाबांवर संशय आहे!"

"काय?"

"डेबीचा नवरा खाली भेटला. मोठ्या अदबीनं विचारून राहिला, दर गुरुवारी तुमच्याकडे शंकरराव नावाचे गृहस्थ येतात का? काइलचं जेवण ते खाऊन टाकतात म्हणे. पोरगं घरी रोज सांगते, पहिला घास शंकररावनं खाल्ला."

"अहो, हसता काय! तुम्ही काय सांगितलं?"

"खरं ते सांगितलं. म्हटलं, हो, माझे सासरे आहेत."

"आणि?"

"तो म्हणे, मग कधी दिसत नाहीत? म्हटलं, कसे दिसतील, ते भंडाऱ्यात राहतात. इंडियात."

"मग?"

"मग त्यानं आपल्या गाडीची काच तशीच सोडली अन् घरात निघून गेला."

प्रतिमानं कपाळावर हात मारला. तिच्याच तोंडानं तिनं डेबीला सांगितलं होतं, घरात कोणी नसतं. म्हणजे एक तर ती खोटं बोलते, नाही तर तिच्या घरात भूत जेवतं.

रविवारी दुपारी तिनं वरणभाताचा डबा भरला, वडिलांचा फोटो पर्समध्ये टाकला आणि मैत्रीला घेऊन वरच्या मजल्यावर गेली. डेबीनं दार उघडलं, आत या म्हणाली, पण कॉफी विचारली नाही.

"हे शंकरराव," प्रतिमा फोटो पुढे करत म्हणाली. "माझे वडील. रिटायर्ड पोस्टमास्तर."

डेबीनं फोटो निरखला. "आणि हे काइलचं जेवण खातात?"

"नाही गं! काइलच खातो. नाव फक्त त्यांचं."

"त्यांना माहीत आहे?"

"काय?"

"की त्यांच्या नावावर इतका भात खपतोय?"

तेवढ्यात तुपाचा वास घेत काइल आला, डबा पाहिला आणि चिमणीच्या पिल्लासारखा आ वासून उभा राहिला. "शंकरराव फर्स्ट!" प्रतिमानं डेबीकडे पाहिलं. डेबीनं मानेनंच हो म्हटलं. मग शंकरराव झाले, मावशी झाली, आत्या झाली. काइल टेबलाभोवती पळत होता, प्रतिमा मागे, आणि डेबी तोंड उघडं ठेवून बघत होती. डबा रिकामा झाला.

"माय गॉड," डेबी म्हणाली. मग जरा विचारात पडून तिनं विचारलं, "पण हे पळायचं कशाला? मैत्री तर माझ्याकडे खुर्चीत बसून आपल्या हातानं खाते. ताटलीसुद्धा सिंकमध्ये ठेवते."

प्रतिमा जागच्या जागी थांबली. "कोण? ही?"

मैत्री हळूच सोफ्यामागे सरकली.

"मैत्री! डेबी मावशीकडे तू एकटी जेवतेस?"

"येस."

"मग घरी काय होतं गं तुला?"

"ॲट होम यू डू इट," मैत्री शांतपणे म्हणाली.

आधी डेबीला हसू फुटलं. प्रतिमानं रागवायचं म्हणून डोळे वटारले, पण दोन वर्षं सोफ्याभोवती घातलेल्या फेऱ्या आठवून तिलाही आवरेना. दोघी इतक्या हसल्या की काय झालं ते पाहायला डेबीचा नवरा बाहेर आला, आणि फोटोतले शंकरराव पाहून पुन्हा आत गेला.

मग कॉफी आली. कॉफीबरोबर डेबीची अटही आली: गुरुवारी चमचा काइलच्या हातात, आणि पळापळ बंद.

प्रतिमाचा हात शिवशिवला. "अगदीच नाही खाल्लं तर एखादा घास..."

"एकही नाही."

"आणि नावं?"

"नावं घे तुझी. तुमचे नातेवाईक भरपूर आहेत, संपायचे नाहीत." डेबीनं कप खाली ठेवला. "मंगळवारी नेहमीच्या वेळी सोड मैत्रीला."

मंगळवारी प्रतिमानं काठ सोडला. सोडल्या सोडल्या ती बुडाली, नाकातोंडात पाणी गेलं, हात कुठे आणि पाय कुठे काही कळेना. मग कशीबशी वर आली, दोन-तीन हात मारले, आणि हाताला काहीतरी टणक लागलं. ती पलीकडची भिंत होती, असं तिला वाटलं. बघते तर ती अलीकडचीच, उलटी फिरून गाठलेली.

म्हाताऱ्या बाई काठावर वाकल्या. "आज पुरे करायचं का?"

प्रतिमानं नाक शिंकरलं, टोपी कानांवर ओढली, आणि बाईंच्या तोंडात शिट्टी जायच्या आत काठावरचे हात सोडून दिले.