पाच नंबरवरची सावली

साडी वाळत घालण्याआधी काकू ती दोन्ही हातांनी अशी झटकायच्या, की गच्चीवरची कबुतरं उडून टाकीवर जाऊन बसायची. मग स्वतःशीच म्हणायच्या, "चला, ज्याचं त्याला ऊन."

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. काकांच्या बदलीमुळे काकू जयपूरला आल्या आणि काका गेल्यावरही मानसरोवर वस्तीतल्या त्याच घरात एकट्या राहिल्या. आम्ही मागच्या गल्लीत. मुलगा बंगळूरला. दर रविवारी तो फोनवर एकच विचारायचा, "आई, पडलीस तर कळणार कोणाला?" काकूंना ते घर सोडायचं नव्हतं.

सोलर बसवायला आलेल्या भैयानं आधी कपड्यांची दोरीच काढायला सांगितली. "आंटीजी, एक पैनल पे छाया आई तो पूरी लाइन ढीली पड़ जाएगी।"

"धूप सिर्फ तुम्हारे पैनल को चाहिए? मेरी साड़ी को नहीं?"

तो हसला. मग म्हणाला, मायक्रो इन्व्हर्टर लावू, थोडे महाग पडतील. प्रत्येक पॅनेलखाली त्याचा स्वतःचा छोटा डबा. एकावर सावली पडली तर तेवढंच मंदावतं, बाकीची आपलं काम करत राहतात. काकूंना हे फारच पटलं. "आमच्या एकत्र कुटुंबात हेच चुकायचं बघ. एक रुसला की सगळं घर उपाशी!"

कोणतं पॅनेल किती वीज करतंय ते अ‍ॅपवर दिसायचं. काकूंच्या जुन्या फोनवर ते चालेना, म्हणून माझ्या फोनवर घेतलं. घरून काम करता करता मी हळूच बघायचे. रोज सकाळी दोरीलगतच्या पाच नंबर पॅनेलचा आकडा खाली यायचा. म्हणजे काकू उठल्या, जिना चढल्या, साडी वाळत पडली. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

एक दिवस तो खाली आलाच नाही. एरवी लोकांच्या बेलपर्यंत हात नेऊन परत फिरणारी मी, त्या दुपारी बेलवरून बोट काढेना.

"अगं, आग लागली का कुठं?"

"नाही... मतलब, तुमची साडी..."

"नळाला सकाळपासून पाणी नाही. धुणार कशानं?"

मग सगळं सांगावंच लागलं. काकूंनी दार पूर्ण उघडलं. म्हणाल्या, "दर वाक्यात मतलब नको गं. आत ये, चहा टाकते." निघताना त्यांनी घराची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवली. रविवारी मुलाला ठणकावलं, "मी पडले तर मागच्या गल्लीत कळतं!"

त्यानंतर पाच नंबर कधी चुकला नाही. पुन्हा एकदा पाणी गेलं तेव्हाही नाही. नवल वाटून मी गच्चीवर गेले, तर दोरीवर कोरडी, घडीच्या रेघा उमटलेली साडी.

"काकू, ही तर इस्त्रीची आहे."

"असू दे. ही तुझ्यासाठी."

मागच्या थंडीत एका सकाळी पाच नंबर खाली आला नाही. मी किल्ली घेऊन धावले. त्या दिवशी नळाला पाणी होतं.

आता घर बंद आहे, पॅनेल चालू आहेत. पाच नंबर सकाळीही इतरांच्या बरोबरीनं वीज देतो. अ‍ॅप म्हणतं, सगळं ठीक आहे.