वेशीवर बांधलेला बांबू

देवावर रागावलेल्या माणसाने देवाविषयी लिहावं की नाही, मला ठाऊक नाही. पण मी लिहिणार आहे, कारण गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. माझा स्वभाव मुळातच तापट. त्यात संस्थान विलीन झालं त्याच वर्षी माझी आई तापाने गेली. जव्हारात ओट्याओट्यावर विलीनीकरणाच्या गप्पा रंगलेल्या असायच्या, आणि मी घरात देवापुढे हट्टाने बसलेला असायचो. आई गेली. तिचे दिवस झाले आणि मी देव्हाऱ्याकडे पाठ फिरवली. पुढे नाशिकला कॉलेजात गेलो तरी ती तशीच होती. कोणी आरती म्हणायला लागलं की मी उठून बाहेर जायचो. वडील म्हणायचे, याचं देवाशी भांडण आहे. मी म्हणायचो, भांडायला समोर कोणी असावं लागतं.

नाशिकला माझे दोन मित्र होते. वसंता श्रीमंत घरचा. त्याच्या वडिलांनी लष्कराने मोडीत काढलेली एक जीप घेतली होती. वसंताच्या डोक्यात कुठल्याशा मासिकातून एक खूळ शिरलं होतं, की युरोपातले विद्यार्थी सुट्टीत मोटार काढतात आणि खेड्यापाड्यांतून गात, खात, वाटेल तिथे मुक्काम करत हिंडतात. आपणही जायचं, असं तो वर्षभर म्हणत राहिला. युरोप काही जमेना, तेव्हा परीक्षा संपल्यावर आम्ही त्र्यंबक, मोखाडा करत माझ्या गावी जव्हारला जायचं ठरवलं. तोरंगणच्या घाटात जीप धापा टाकत होती आणि वसंता आम्हाला आल्प्सचं वर्णन ऐकवत होता. तिसरा माधव. अबोल, भाविक पोरगा. वाटेत शेंदूर फासलेला दगड दिसला, की तो चालत्या गाडीतून हात जोडायचा. मी त्याला चिडवायचो, की एवढे नमस्कार साठवून ठेव, पुढे उपयोगी पडतील. तो नुसता हसायचा.

मोखाडा मागे पडलं आणि जव्हार दोन-अडीच कोसांवर आलं, तेव्हा एका ओहोळात जीप रुतली. पाणी नव्हतं, नुसते गोटे आणि वाळू. मी आणि माधव मागून ढकलायला लागलो. चाकामागे धोंडा लाव, असं मी वसंताला दोनदा सांगितलं होतं. हो हो म्हणून तो स्टिअरिंगवर जाऊन बसला. जीप चार हात वर चढली, थांबली आणि मागे आली. मी बाजूला उडी मारली. माधवला ते जमलं नाही. चाक त्याच्या मांडीवरून गेलं.

वसंता खाली उतरून रडायला लागला, तेव्हा मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. मांडीचं हाड मोडलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. धोतर फाडून आम्ही वर करकचून बांधलं, माधवला कसंबसं मागच्या बाजूला आडवं केलं आणि निघालो. रस्ता म्हणजे नुसते दगड आणि खड्डे. प्रत्येक धक्क्याला तो असा ओरडायचा, की वसंता गाडी थांबवायचा. मग मी वसंतावर ओरडायचो. जोरात नेलं तर माधव वेदनेने जाणार, हळू नेलं तर रक्ताने. मला एवढं कळत होतं, की सगळ्या वाटेवर ज्याने हात जोडले त्याच्याच पायावरून चाक गेलं, आणि मी धडधाकट बसलो आहे. हा कसला न्याय, असं मी मनातल्या मनात विचारत होतो. आईच्या वेळेनंतर पहिल्यांदाच मी देवाशी बोलत होतो, आणि ते बोलणं लिहिण्यासारखं नाही.

थोडं पुढे एक पाडा लागला. रस्त्यावर कमरेएवढ्या उंचीला एक जाड बांबू आडवा बांधला होता आणि त्याला आंब्याचे टहाळे लावले होते. मी जव्हारचा, मला ते माहीत होतं. पावसाआधी एक दिवस गावदेवाची पूजा होते आणि भगत गावाची वेस बांधतो. त्या दिवशी गावात चाक फिरत नाही. बैलगाडी नाही, जातं नाही, रहाट नाही. रोगराई चाकाबरोबर गावात शिरते असं म्हणतात. पूजा संपेपर्यंत कोणी वेस ओलांडायची नसते. बांबूपलीकडे दहा-बारा बाप्ये उभे होते. त्यांच्यातला एक पुढे येऊन म्हणाला, "आज चाक नाय फिरवायचा."

मी जीपवरून उडी टाकली. माणूस मरतो आहे, हे मी त्यांना ओरडून सांगितलं. तुमचा देव आंधळा आहे, दगड आहे, हेही सांगितलं. तुमच्या असल्या नेमांपायीच तुमची पोरं तापाने मरतात, असंही म्हणालो, आणि म्हणताना मला माझी आई दिसत होती. बायका मोहाची फुलं वाळत घालायचं सोडून बघत राहिल्या. कोणी बाजूला झालं नाही. मग मी बांबूची गाठ ओढायला लागलो. ती सुटेना. माझ्या नखांतून रक्त यायला लागलं तरी मी ओढतच होतो.

सागाखाली दगडापुढे एक म्हातारा बसला होता. तो गावचा भगत. पुढ्यात तांदळाच्या पुंजी, चिमूटचिमूट राशी, मांडलेल्या, पाय बांधलेला कोंबडा, अर्धी पूजा. तो उठला आणि बांबूखालून वाकून सरळ जीपपाशी गेला. माधवकडे त्याने बराच वेळ पाहिलं, मांडीला हात न लावता. मग माझ्यापाशी आला आणि माझे हात धरून बाजूला केले.

"वरडू नको," तो म्हणाला. "तुला नाय सुटायची. मी सोडतो. यालाच डोली बांधू."

ज्याने आम्हाला अडवलं होतं तोच घाबरून म्हणाला, की पूजा अर्धी आहे, वेस उघडी पडेल. गावाच्या वर्षभराच्या आजारपणाचा प्रश्न होता त्यांच्यासाठी, थट्टा नव्हती. म्हाताऱ्याने गाठ सोडता सोडताच उत्तर दिलं, "देव थांबल. त्याला काय लागला नाय."

मी बांबूचं दुसरं टोक धरलं. राग गेला असं नव्हे. तो होता तिथेच होता, फक्त त्याला बोलायला जागा राहिली नाही. बाप्यांनी कामट्या लावून माधवची मांडी बांधली, जीपवरची ताडपत्री काढून त्या बांबूला झोळीसारखी अडकवली. जीप वेशीबाहेरच राहिली, वसंता तिच्यापाशी. भगताने पुढचा खांदा धरला आणि मागचा मला दाखवला. मी खांदा दिला. रानातल्या पायवाटेने आम्ही जवळजवळ धावत निघालो. खांदे बदलायचे म्हणून बरोबर चार-पाच जण होते, पण मी माझा खांदा कोणाला देईना. वसंतावरचा राग, देवावरचा राग, सगळा त्या बांबूखाली घातला होता आणि त्याच्याच जोरावर माझे पाय उचलले जात होते. डोली हिंदकळत नव्हती. माधवचं ओरडणं थांबलं. मला वाटलं संपलं, मी घाबरून वाकून पाहिलं, तर त्याने डोळे मिटले होते आणि श्वास नीट चालू होता. जीपमध्ये तो एक क्षण गप्प राहिला नव्हता.

एका चढावर मी मागे पडायला लागलो आणि बांबूला ओढ बसली. तेव्हा मात्र भगताने मागे न बघता सांगितलं, "सोड आता." मी सोडलं. माझ्या जागी कोण आलं ते मी पाहिलंही नाही. ते दोन पावलं पुढे गेले आणि मला कळलं, की आपल्याशिवायही डोली चालली आहे. मी मागून चालत राहिलो, आणि मला रडू आलं. आईच्या वेळी न आलेलं सगळं तिथे आलं.

जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांनी ताबडतोब माधवला आत घेतलं. पुष्कळ वेळाने बाहेर येऊन ते म्हणाले, की जीव वाचला, पाय थोडा आखूड राहील. मी व्हरांड्यात आलो, तर भगत आणि त्याची माणसं जोत्याखाली उन्हात उभी होती. मला वाटलं, माधवचं काय झालं ते ऐकायला थांबली असतील. ते तर होतंच. पण म्हाताऱ्याला बांबू परत हवा होता. ऊन कलायच्या आत वेस बांधायला हवी, गाव उघडं पडलं आहे, असं तो म्हणाला. मी ताडपत्री सोडवली. बांबूवर माधवचं रक्त वाळलं होतं. देवाच्या कामाची वस्तू म्हणून मी ते पाण्याने पुसायला लागलो, तर त्याने माझ्या हातातून बांबू घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "त्याला पण दिसू दे."

आणि ते आले त्याच वाटेने निघून गेले. माझं त्यांच्या पाया पडायचं राहून गेलं.

भगताच्या रूपाने देवच आला होता, असं मला पुष्कळांनी सांगितलं आहे. त्याचा मला अजून राग येतो. देव आला नव्हता. तो त्या सागाखाली अर्ध्या पूजेसमोर, उघड्या वेशीवर थांबला होता, कारण एका म्हाताऱ्याने त्याला थांबायला सांगितलं होतं. मी आजवर ज्याच्याशी भांडलो तो मला कधी थांबलेला दिसला नव्हता. आई का गेली, याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि ते मी अजून मागतो, तावातावाने मागतो. पण आता त्याच्यासमोर बसून मागतो. रोज सकाळी हात जोडतो तेव्हा राग बाजूला ठेवत नाही. आहे तसा, रक्ताच्या डागासारखा, न पुसता त्याच्यापुढे ठेवतो.