मापासाठी उभी केलेली बाई

वॉल्टर शटलवर्थ गेल्यावर त्याच्या बायकोने, आयव्हीने, पलंगाखालची खोकी कितीतरी महिने उघडली नाहीत. मग वाचनालयातल्या बाई दारात आल्या. गावाचे जुने फोटो हवेत, म्हणाल्या. हॅदरशॉच्या गिरण्या एकामागून एक पडत होत्या तेव्हा दर रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणारा माणूस गावात एकच होता.

वॉल्टर कापडगिरणीच्या साचेखात्यात जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करायचा. आयव्ही तिथेच चार माग चालवायची. तिथल्या खडखडाटात बायका नुसत्या ओठांनी गप्पा मारत. वॉल्टरला शांततेतही बोलणं जमत नसे. त्याचं तोंड उघडायचं ते कॅमेऱ्यामागे गेल्यावर.

"आयव्ही, त्या चिमणीशी उभी राहा बरं. जरा डावीकडे. हं."

"माझं थोबाड कशाला मधे? गिरणीचा काढ की."

"तू नसलीस तर ती केवढी उंच ते कळायचं कसं?"

म्हणून गिरणी असो, पूल असो की पाडायला काढलेली घरांची ओळ, खाली कोपऱ्यात हातात पिशवी घेतलेली बोटभर आयव्ही असायचीच. तिला त्याचं काही वाटत नसे. निदान ती तसं म्हणत असे.

गुरुवारी तिची नणंद बेरिल आली, तेव्हा आयव्हीने सगळे फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले होते. बेरिलने चष्मा चढवला आणि हसत सुटली.

"अगं बाई, हा कोट! गावात एक गिरणी उरली नाही, पण तुझा कोट काही हटला नाही."

"तुझ्या भावाच्या पगारात दुसरा येत होता का?"

हसता हसता आयव्हीचा हात एका फोटोवर थांबला. त्यात तोच कोट होता, पण पोटावरची बटणं लागत नव्हती. बेरिलने तो पाहिला आणि तिचं हसू मावळलं. त्या साली आयव्हीला मुलगी झाली होती, पण ती जन्मली तीच मेलेली. नर्सने कापडात गुंडाळून नेली, आयव्हीला तोंडसुद्धा दाखवलं नाही. कुठे नेली विचारलं तर डॉक्टर म्हणाला, "सगळी सोय झालीय. घरी जा, दुसरं होईल." दुसरं झालं नाही. वॉल्टरला विचारलं तर तो म्हणाला, "दवाखान्याने पाहिलं सगळं," आणि त्याने पेपर तोंडासमोर धरला. पुन्हा विचारायचा धीर तिला झाला नाही.

पुढच्या फोटोत कोट अंगावर लोंबत होता. मागे दगडी भिंत. आणि आयव्ही हसत होती.

"ही कुठली गं भिंत? इथे कुठे गिरणी दिसत नाही."

बेरिलने फोटो उचलला आणि लगेच पालथा घातला.

"बेरिल?"

"दफनभूमीची आहे. उत्तरेकडची."

"तिथे कशाला नेलं मला त्याने?"

"त्याने शपथ घातली होती गं मला." बेरिलने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पोरीची पेटी त्यानेच नेली. काखेत मावेल एवढी होती. कुण्या बेवारस म्हातारीला मूठमाती देत होते, तिच्याच खड्ड्यात कडेला ठेवली. त्या भिंतीपाशी."

"आणि मला सांगितलं नाही?"

"डॉक्टर म्हणाला होता, बाईला सांगू नका, विसरेल ती."

"विसरेल!"

"त्या रविवारी सांगणार होता. म्हणाला, तिला तिथे नेऊनच सांगतो. परत आला तेव्हा मी विचारलं, सांगितलंस का? तर म्हणाला, फोटो काढला."

आयव्हीला तो रविवार आठवला. ओलं गवत होतं, बुटांत पाणी शिरत होतं, ओव्हनमध्ये ठेवलेलं मांस करपेल म्हणून तिचा जीव वरखाली होत होता. वॉल्टर किती वेळ नुसताच कॅमेऱ्याआड उभा होता! मग जन्मात कधी नव्हे ते म्हणाला, "जरा हस." बिचारा एवढं म्हणतोय तर म्हणून ती हसली. आपल्या लेकीच्या अंगावर उभी राहून हसली.

दुसऱ्या दिवशी ती बसने दफनभूमीत गेली. उत्तरेची भिंत नव्हती. गिरण्या पडल्या त्याच सुमाराला गावाबाहेरून मोठा रस्ता काढला होता, आणि दफनभूमीचा तो कोपरा त्यात गेला होता. लोखंडी कठड्यापलीकडून ट्रक धाडधाड जात होते. तिने भिंतीचं विचारलं तेव्हा तिथल्या माणसाने हातातलं फावडं खाली ठेवलं.

"नावं होती त्या कबरी वरच्या अंगाला हलवल्या, आजी."

"आणि बिननावाच्या?"

त्याने रस्त्याकडे मान वळवली. मग हळूच म्हणाला, "नाव काय होतं तुमच्या माणसाचं? बघतो मी."

"ठेवलंच नव्हतं," आयव्ही म्हणाली.

कठड्याशी उभी राहून तिने अंदाज घ्यायचा प्रयत्न केला. भिंत नाही, चिमणी नाही, एक ओळखीचा दगड नाही. इथे की पन्नास हात पलीकडे, कुणी सांगायचं? पाय भरून आले तेव्हा ती परतली.

वाचनालयातल्या बाई खोकी न्यायला आल्या. चाळता चाळता एकदम म्हणाल्या, "अय्या, या तुम्हीच ना? किती गोड हसताय! प्रदर्शनात दाराशीच लावू या हा, मोठा करून."

आयव्हीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. बाकीचं गाव नेऊ दिलं.

पुढच्या गुरुवारी बेरिलने दार वाजवलं. आधी हळू, मग जोरात. दारातल्या टपालाच्या फटीला तोंड लावून म्हणाली, "आयव्ही, मी वाईट नव्हते गं. लहान होते, घाबरले होते." आयव्ही आत खुर्चीत बसून होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिला बेरिलचा रागही आला नाही, वॉल्टरचाही नाही. रागवायला जे बळ लागतं ते अंगात नव्हतं. बऱ्याच वेळाने बेरिलची पावलं फाटकाकडे गेली. आयव्हीने दिवा लावला नाही.