दूध घेतं का वं?

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. माझी ताई वयानं वाढली, बुद्धीनं लहानच राहिली. पाय भाजला म्हणून तिला अमरावतीच्या इस्पितळात ठेवलं होतं. तिथली नर्सबाई पदर खोचून खाटेशी उकिडवी बसायची आणि सगळं ताईलाच विचारायची.

"दूध घेतं का वं, बाई?"

"घेते नं, रोजच घेते," आईच म्हणाली.

"तुमी नका सांगू, माय. तिले बोलू द्या. मले घाई नाही."

दुधाचा पेला नर्सबाईच्या हातातच निवला. ताईनं ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले.

"नाही आवडत."

लहानपणापासून आम्ही तिला रोज दूध पाजत आलो होतो.

पुढं आमच्या घरी भाजी पुष्कळदा करपायची, कारण आई ताईच्या उत्तरासाठी थांबलेली असायची. अजूनही कुठं करपल्याचा वास आला, की मला ती नर्सबाई आठवते.