बाईंसाठी सोडलेला समास

मयेकरबाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या दवाखान्यात सकाळची गर्दी होती. फोन नाटे गावाहून त्यांच्या धाकट्या भावाचा, शंकरमामांचा. मामांचा जन्म बोटीवर गेला, वाऱ्यावर ओरडून बोलायची सवय. त्या दिवशी मात्र आवाज इतका खाली गेलेला, की मला दोनदा विचारावं लागलं. ताई गेली, म्हणाले. रत्नागिरीतल्या घरी चहाचं आधण ठेवलं आणि तिथेच खाली बसली. शेजारीण धावली, पण तोवर... मी समोरच्या पेशंटचा रक्तदाब मोजत होते. त्याच्या दंडाला पट्टा तसाच ठेवून मी आत गेले आणि रडले. आता पाच आठवडे झाले. लिहायला बसले ती बाईंचं कौतुक सांगायला, पण मला एक कबुलीही द्यायची आहे. तीही इथेच येऊ दे.

बाईंनी मला आठवी ते दहावी जीवशास्त्र शिकवलं. घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, त्यामुळे माशाचा धडा पुस्तकातून शिकवायची त्यांना लाज वाटे. वर्तमानपत्रात गुंडाळून ताजा बांगडा वर्गात आणायच्या, कल्ले उघडून दाखवायच्या, आणि तास संपल्यावर या माशाचं काय करणार असं कुणी विचारलं, की शांतपणे सांगायच्या, दुपारचं कालवण. आमच्या वह्यांना डावीकडे दोन बोटं समास हवाच, ही त्यांची सक्ती. मी कागद वाचवायला समास बारीक करायचे. वही परत देताना एकदा म्हणाल्या, “समास सोड गो, तिथे मी बोलणार आहे.” आणि खरंच त्या तिथे बोलायच्या, लाल पेनाने, अगदी बारीक अक्षरात. चूक असली तर का चूक, आणि बरोबर असलं तर आणखी काय लिहिता आलं असतं ते. माझ्या वहीत माझ्यापेक्षा त्यांचंच लिखाण जास्त असायचं.

पुढे मी डॉक्टर होऊन मुंबईहून परतले आणि दवाखाना थाटला, तेव्हा माझी मराठी पार बिघडली होती. आतल्या गावातून एक आजी आल्या, पोट धरून. मी ऐटीत विचारलं, तीव्र वेदना आहेत का? त्या म्हणाल्या, वेदना नाय गो बाय, कळ येते. मी केसपेपरवर लिहिलं, वेदना नाहीत. बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं आणि सरळ आत आल्या. कळ म्हणजे दुखणंच गो, म्हणत म्हातारीला पुन्हा तपासायला लावलं, मग मला पित्ताचे खडे सापडले. त्या दिवसापासून दर शुक्रवारी बाई माझ्या दवाखान्यात येऊन बसू लागल्या आणि पेशंट काय शब्द वापरतात ते कार्डांवर टिपू लागल्या. कळ वेगळी, चमक वेगळी, ठणका वेगळा, सल वेगळी. म्हणजे त्या ठरलेल्या शब्दांच्या विरोधात होत्या असं मुळीच नाही. संप्रेरक, विकर, स्वादुपिंड हे शब्द त्या गोड खाऊ खावा तसे उच्चारायच्या. प्रत्येकाने आपापल्या घरचा शब्द काढला तर पुस्तकं कशी लिहायची, असं मलाच सुनवायच्या. फक्त शब्द ठरवताना तो बोलणाऱ्याला विचारा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

म्हणूनच वैद्यकाची मराठी पुस्तकं काढायला एक परिभाषा समिती बसली आणि त्यांनी मला घेतलं, तेव्हा मी हट्टाने बाईंचं नाव सुचवलं. बैठका लॅपटॉपवर व्हायच्या. माझ्याच खोलीत आम्ही दोघी शेजारीशेजारी बसायचो. सगळं ठीक चाललं होतं, ते पेशीपर्यंत. आपल्याकडे शाळेपासून पेशी म्हणजे शरीराचा सगळ्यात लहान घटक, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो. आणि दंड फुगवला की वर येतो तो स्नायू. सगळ्या भाषांसाठी एकच म्हणून आलेल्या यादीत मात्र त्या लहान घटकाला कोशिका म्हटलं होतं आणि दंडातल्या स्नायूला पेशी. बाई उसळल्या. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांनी शिकलेलं सगळं उलटं करायचं का, असं त्यांनी विचारलं. अध्यक्षांनी नम्रपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, रत्नागिरीच्या डॉक्टरांचं मत काय?

समितीच्या पुस्तकांपैकी एक मला लिहायला मिळणार होतं. मुखपृष्ठावर माझं नाव येणार होतं आणि मला ते हवं होतं, उगाच आडपडदा कशाला. मी म्हणाले, बहुमताने ठरेल ते मला मान्य आहे. बाईंनी कार्डांची पिशवी उचलली. जिना उतरताना थांबल्या, माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुला उत्तर येत होतं गो.” बस, एवढंच. त्या शुक्रवारी आल्या नाहीत, पुढच्याही नाहीत.

पायाला मुंग्या येत, त्यासाठी त्यांना दर महिन्याला माझ्याकडे इंजेक्शन असायचं. त्याची तारीख मात्र त्यांनी चुकवली नाही. बाहेर मी पेशंटसाठी नवीन पत्रकं ठेवली होती, समितीची भाषा सरावाला म्हणून स्वतः लिहिलेली. बाई आत आल्या त्या पत्रक हातात धरूनच. त्यात लिहिलं होतं, ‘ही सुई दंडाच्या पेशीत टोचली जाईल.’ बाईंनी दंड पुढे केला आणि विचारलं, “कुठल्या पेशीत गो? लाखो आहेत. एकीलाच टोचणार, की सगळ्यांना बोलावलं आहेस?” नर्स हसली, मी हसले, आणि बाई तर इतक्या हसल्या की सुई टोचायला मला थांबावं लागलं. मला वाटलं, सुटले. मग त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं, पेशीवर काट मारून वर स्नायू लिहिलं आणि कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाल्या, समासच सोडला नाहीस, मी बोलू कुठे? जाताना माझ्या गालाला हात लावून गेल्या. ती शेवटची भेट.

त्या दिवशीच मी समितीला लिहायला हवं होतं. उद्या लिहू, परवा लिहू करत राहिले, आणि मग मामांचा फोन आला. ही खंत आता जायची नाही.

मागच्या आठवड्यात शेवटची यादी आली, लेखी मत कळवा म्हणून. मी रविवारी दवाखाना बंद ठेवून बसले. टेबलाच्या काचेखाली ते लाल काट मारलेलं पत्रक आहे, ते बघून लिहिलं. पेशी ही पेशीच राहू द्या, स्नायू हा स्नायू. मराठी पेशंटला कळणार नाही अशा पुस्तकावर माझं नाव नको. बैठकीत मी बहुमतामागे लपले ती माझी चूक, हेही लिहिलं. सोमवारी ते टाइप करायला दिलं, तर टायपिंगवाल्याचा फोन आला. मॅडम, डावीकडे एवढी जागा का सोडली आहे, थोडी कमी केली तर सगळं एका पानात बसेल.

मी म्हटलं, राहू दे.