टँकरचा हॉर्न आणि संस्थेचं मशीन
केजच्या अलीकडं दूध संस्थेनं दुष्काळात जनावरांची छावणी उघडली, तेव्हा कॉम्प्युटरवर बसायला शिवकन्या मिळाली. आईबाप दरसाल ऊसतोडीला; ही मावशीजवळ राहून बारावी झालेली. सकाळी उदबत्ती लावून ती बटण दाबायची आणि काळ्या पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघत बसायची. मशीन आधी स्वतःचे अवयव चाचपायचं. मग एक छोटा प्रोग्राम डिस्कवरून मोठ्याला उठवून आणायचा. त्याला कर्नल म्हणतात, हे तिला क्लासच्या सरांनी सांगितलेलं. कर्नल डिस्कचं मूळ, म्हणजे सगळ्या फायली जिथून फुटतात ती जागा, जोडायचा, पहिलं काम सुरू करायचा, आणि त्या एकातून बाकीची सगळी कामं जन्मायची. काकड्याला देव जागा होतो तसं तिला वाटे.

वैशाखात ओळी अडखळू लागल्या. वीज नसायचीच, मशीन जनरेटरवर. हौद चढावर, त्यामुळं टँकर आला की राखणदार धोंडीराम खटका फिरवून जनरेटर पाणी चढवायच्या मोटारीला द्यायचा; दोन्ही एकदम त्याला झेपत नसत. चालू मशीन तिथंच बंद पडायचं. पुढच्या खेपेला उठताना ते डिस्क तपासत बसे, दरवेळी जास्तच.

एक दिवस डिस्कवरच्या चुका संपेचनात. मशीन स्वतःच त्यांच्या दुरुस्तीला लागलं. ती धोंडीरामाला म्हणाली,

"मामा, आज मधी तोडू नका. अर्ध्यात तुटलं तर हे उठायचं न्हाई."

"न्हाई उठलं तर नारळ फोडू की!"

"नारळानं उठत न्हाई मामा."

"मग तुझ्या उदबत्तीनं उठतं व्हय?"

ती हसली, पण नजर दाराकडं होती. चाऱ्याची गाडी उभी होती, आणि मशीनच्या पावतीशिवाय गाडी उतरवायची नाही, असा संस्थेचा ठराव.

तेवढ्यात हॉर्न वाजला. जनावरं कालपासून तहानलेली. टँकरवाला ओरडला, "मोटार लावा, न्हाईतर चाललो मी पुढच्या गावाला!"

धोंडीराम खटक्याशी पहिल्यांदाच थांबला. "बोल पोरी."

पडद्यावर दुरुस्ती चालूच होती. बाहेर एक म्हैस खुंट्याला हिसके देत होती. शिवकन्येनं हात जोडले. "फिरवा."

पाणी चढलं, टँकर गेला, खटका परत फिरला. तिनं बटण दाबलं. अवयव चाचपून झाले. छोटा प्रोग्राम आला, कर्नल आला. मग एकच ओळ उमटली: मूळ जोडता येत नाही. तिच्याखाली काहीच सरकलं नाही. तिनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच ओळ.

बाहेर पाणी प्यालेली जनावरं गाडीकडं तोंडं करून हंबरू लागली.