दुसऱ्या पत्त्यावरचा आवाज

मालकाला मी घाबरत नाही. ही फुशारकी नव्हे. गेटवर पत्रकं वाटताना चार वेळा ढकलून दिलं की त्यातली भीती मरते, नुसता राग उरतो. पण सोलापुरात, भर दुपारी, संघटनेच्या खोलीत पंख्याखाली बसून मी जेवढी घाबरले तेवढी त्याआधी कधीच घाबरले नव्हते. समोर कोणी नव्हतं. माझाच लॅपटॉप होता आणि त्यातून अक्काचा आवाज येत होता.

अक्का वळसंग गावची. रोज बसने येते आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर बसते. बायका आत गेल्या की तिथलं शटर खाली येतं आणि त्याला बाहेरून कुलूप लागतं. ते सुट्टीलाच निघतं. मालक याला शिस्त म्हणतो. आत कापडाचे गठ्ठे, तापलेल्या इस्त्र्या, लोंबणाऱ्या वायरी. आग लागली तर मालक किल्ली शोधेल आणि आम्ही श्रद्धांजलीचं पत्रक छापू. एवढीच काय ती व्यवस्था!

अक्काने हे फोनवर रेकॉर्ड केलं. शटरचा खडखडाट, कुलपाचा खटका आणि तिचं स्वतःचं बोलणं, "शेट, कुलूप नका लावू की. कायतरी झालं तर बाया कुटनं निघतील?" शेटचं उत्तर मी इथे लिहीत नाही. ते तिच्या आईवरून होतं.

रेकॉर्डिंग देताना तिने एकच अट घातली.

"माजा आवाज भायेर जायचा न्हाय. मी मराठी बोलले तरी कानडी वाटतंय म्हणून समदं शेड हसतंय मला. शेट एका शब्दात वळखल. काम तर जाईलच, गावात आमच्या ह्यांच्या कानावर काय काय घालंल, देव जाणे."

"अक्का, शब्द देते."

"शब्द समदेच देतात गं. आवाज झाक."

आवाज बदलून रेकॉर्डिंग वेबसाइटवर टाकणं सोपं होतं. पण कामगार अधिकाऱ्यापुढे बदललेला आवाज चालत नाही, संघटनेच्या वकिलांना मूळच हवं होतं. व्हॉट्सॲपवर पाठवलं की ते कुठे कुठे फिरेल याची खात्री कोण देणार? आमची साइट भाड्याच्या एका व्हर्च्युअल सर्व्हरवर चालते. दूर कुठेतरी मोठं यंत्र आहे, त्यातला एक तुकडा आमचा. त्याला पब्लिक आयपी, म्हणजे जगाने आत यायचा पत्ता, एकच होता. आम्ही ठरवलं, दुसरा घ्यायचा. पहिल्यावर जग येईल. दुसरा फक्त वकिलांना माहीत असेल आणि अक्काचा खरा आवाज तिथेच राहील.

संघटनेतलाच एक मित्र बँकेत कंत्राटावर कॉम्प्युटर सांभाळतो. तो जेवणाच्या सुट्टीत आला आणि माझ्या डब्यातल्या शेंगाचटणीवर तुटून पडला.

"नवा आयपी विकत घेतला. झालं ना?" मी विचारलं.

"कुठलं झालं, बाई! कंपनीनं रस्ता दारापर्यंत आणून सोडला. हा नंबरपण आपलाच आहे, हे सर्व्हरला सांगायला नको? नाहीतर पाहुणा येणार आणि घरवाला म्हणणार, तो मी नाहीच."

नेटवर्कची फाइल उघडली. मी जुना नंबर खोडायला गेले, तसा तो ओरडला.

"ए पोस्टरवाली! जुन्यावर नवं चिकटवायचं नाही. जुना राहू दे, खाली नवा लिही. जुना खोडलास की आपणच बाहेर, दार बंद!"

मग त्याने सर्व्हरला एक हुकूम दिला. बदल लागू होतो, पण आपण लगेच होकार दिला नाही तर सगळं आपोआप पहिल्यासारखं होतं. आम्ही श्वास धरून बसलो. दोन्ही पत्ते बोलू लागले. होकार दिला.

राहिला मूळ रेकॉर्डिंग ऐकवणारा प्रोग्राम. मित्र म्हणाला, "कुठल्या पत्त्यावर उत्तर द्यायचं, विचारतोय."

"सगळ्या!" मी म्हणाले.

"एकही दार सोडायचं नाही!" तोही हसत म्हणाला आणि त्याने तसंच लिहिलं. आम्हा दोघांना संघटनेत पहिल्या दिवशी शिकवलेलं हेच. वस्तीत पत्रक वाटायचं तर एकही दार सोडायचं नाही, शिव्या देणाऱ्याचंसुद्धा. आम्ही ते इतकं अंगात भिनवलं होतं की विचार करायची गरजच वाटली नाही. तो बँकेत परत गेला. मी वकिलांना दुसरा पत्ता कळवला आणि त्यापुढे लिहायचा एक साधा शब्दही.

मग सहज म्हणून मी आमची जगजाहीर साइट उघडली. ठीक होती. तोच साधा शब्द मी तिच्याही पत्त्यापुढे लिहिला. काहीच उघडणार नाही, याची खात्री करायला.

"शेट, कुलूप नका लावू की."

सगळ्या पत्त्यांवर म्हणजे पहिल्यावरसुद्धा! आणि साइट उघडणारा क्यूआर कोडचा ठिपक्यांचा चौकोन छापलेली पत्रकं सकाळीच गेटवर वाटून झाली होती. मालकाचा भाचा कारखान्यातले कॉम्प्युटर बघतो. त्याला तो शब्द सुचायला किती वेळ? मी मित्राला फोन लावला. बंद. बँकेत आत फोन नेऊ देत नाहीत. दुसरं कोणाला यातलं कळत नव्हतं. एक अक्षर चुकलं तर सर्व्हर मलाच आत घेणार नाही आणि अक्काचा आवाज तसाच बाहेर बोलत राहील, हीच भीती. मी 'सगळे' पुसलं, तिथे एकटा दुसरा आयपी लिहिला, प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला, प्रोग्राम पुन्हा चालू केला आणि पहिल्या पत्त्यावर गेले.

'पान सापडले नाही.'

पण मधल्या वेळात कोणी ऐकलं असेल तर?

मी गेटवर गेले. सुट्टी व्हायची होती, कुलूप जागेवर होतं. अक्काला शेटने केबिनमध्ये बोलावून घेतलं असेल, फोन हिसकावला असेल, असं काय काय मनात येत राहिलं. शटर वर गेलं. बायका एकेक करत बाहेर आल्या. अक्का शेवटी आली, पदराने मान पुसत.

रस्त्याच्या कडेला घेऊन मी तिला सगळं सांगितलं.

"मग तुमी तरी कुलूप लावायचं हुतं की."

ती हसली नाही. बस आली, ती चढली, तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी मित्र आला. कोण कोण आलं-गेलं याची सर्व्हरवरची नोंद त्याने चाळली. पहिल्या पत्त्यावरून ते रेकॉर्डिंग मी सोडून आणखी एकाच ठिकाणी ऐकलं गेलं होतं. तो शब्द आमच्याशिवाय वकिलांनाच ठाऊक होता, म्हणून मी त्यांना फोन केला.

"हो, मीच ऐकलं," ते शांतपणे म्हणाले. "तुमचं पत्रक टेबलावर होतं, तो चौकोन सोपा पडला. त्याच्यापुढे शब्द लिहिला. का, काय झालं?"

मी फरशीवर बसले आणि तिथूनच अक्काला फोन लावला. पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

"वकिलानंच ऐकलं? नक्की?"

"नक्की."

"यव्वा... उद्या जाऊ का नको कामाला?"

हा प्रश्न तिने मला विचारावा, याचीच लाज वाटली. मी म्हणाले, जा.

सकाळी मी समोरच्या चहाच्या गाड्यापाशी उभी राहिले. अक्का आत गेली. मालकाने स्वतः शटर ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि माझ्याकडे बघून हसला. तो नेहमीच हसतो. त्या दिवशी त्या हसण्याचा अर्थ मला लावता आला नाही. आत एकेक मशीन सुरू होत गेलं. त्यातलं अक्काचं कोणतं, हे ओळखायचा प्रयत्न करत मी तिथेच उभी राहिले.